वाचनालयात वेब-साधने शिकताना: नव्याने सुरुवात करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी

हा लेख महाराष्ट्रातल्या गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत काम करणाऱ्यांसाठी आहे. शासन या वाचनालयांचे 'अ' ते 'ड' असे वर्ग करते. मोठ्या 'अ' वर्गात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक, निर्गम सहायक (पुस्तकांची देवघेव पाहणारा), शिपाई अशी माणसे असतात. सर्वांत लहान 'ड' वर्गात बहुधा एकच माणूस कुलूप उघडण्यापासून अनुदानाच्या कागदांपर्यंत सगळे पाहतो. "आता सगळे ऑनलाइन करा" हे दोघांनाही सारखेच ऐकावे लागते. पण सकाळी वर्तमानपत्रे टेबलावर लावून झाल्यावर नेमकी सुरुवात कुठून करायची, हे सहसा कोणी सांगत नाही. ते इथे क्रमाने सांगतो.

पद्धत आधी ठरवू. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट आणि मेक्लेनबर्ग काउंटीचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. २००६ साली तिथे हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी एक कार्यक्रम आखला. त्यात तेवीस छोटी कामे होती: एक ब्लॉग उघडा, एक फोटो चढवा, पुस्तकांची यादी ऑनलाइन करा, अशी. व्याख्याने नव्हती. ज्याने त्याने आपल्या गतीने स्वतः करून पाहायचे, अडले तर सहकाऱ्याला विचारायचे. सगळी कामे पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर बक्षीस. हा आराखडा त्यांनी इतरांना वापरायला खुला ठेवला आणि पुढे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी तो उचलला.

यातून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. पहिली, साधन शिकायचे ते आपल्या रोजच्या कामातूनच. दुसरी गोष्ट आज मागे वळून पाहिल्यावर दिसते: त्या तेवीस कामांत ब्लॉगलाइन्स (ब्लॉग एकत्र वाचायचे) आणि डेलिशस (दुवे साठवायचे) ही त्या काळची लोकप्रिय साधने होती, आज ती वापरात नाहीत. आपण आज शिकतो त्यांचेही पुढे हेच होऊ शकते. म्हणून कोणतेही साधन घ्या, त्यात भरलेली नोंद स्वच्छ असावी आणि ती हवी तेव्हा बाहेर काढता यावी. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने लिहिली आहे.

पायरी १: खाते संस्थेच्या नावाने उघडा

ग्रंथपालाच्या किंवा कार्यवाहांच्या खासगी ईमेलवर वाचनालयाचे काम सुरू करू नका. संस्थेच्या नावाने एक नवे गूगल खाते काढा. शीट, फॉर्म, ड्राइव्ह, गूगल मॅपवरची नोंद सगळे त्याच खात्यावर. मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. याद्या आणि फॉर्म यांना ती पुष्कळ होते.

पासवर्ड विसरल्यास ज्या मोबाइलवर कोड येणार तो क्रमांक संस्थेचा असावा. एक साधे सिमकार्ड घेऊन ते वाचनालयातच ठेवले तर उत्तम. खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्ड कोणाच्या हाती लागला तरी खाते उघडत नाही. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात कार्यवाहांकडे द्या आणि कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात "खाते उघडले, पाकीट कार्यवाहांकडे" एवढी एक ओळ येऊ द्या.

पायरी २: मराठी नीट टंकित करायला शिका

या पायरीवर वेळ घालवायला कचरू नका. मराठी नोंदी बिघडल्या की त्यावर उभे राहणारे सगळेच बिघडते.

जुन्या याद्या अनेक ठिकाणी श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेख फॉन्टमध्ये टंकित केलेल्या आहेत. छापून काढल्या तर त्या छान दिसतात, पण त्यात शोध चालत नाही. तपासायची रीत सोपी आहे. जुन्या फाइलमधले एखादे ग्रंथनाम कॉपी करून गूगलच्या शोधचौकटीत चिकटवा. मराठी जसेच्या तसे उमटले तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात आहे. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ उमटला तर ती जुन्या फॉन्टची फाइल समजा. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने इंटरनेटवर मोफत मिळतात. बदल झाल्यावर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला; चुका बहुधा तिथेच राहतात.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक शिकावा असे माझे मत आहे. सुरुवातीला हात अडखळतात, पण नंतर उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे जुळवत बसावे लागत नाही. ल जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून ळ, र जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून ऱ. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी मोबाइलवर जीबोर्ड हे गूगलचे कळफलक-ॲप घ्यावे आणि बोलून टंकित करावे. वयस्कर सहकाऱ्यांना ही सोय फार उपयोगी पडते. विशेषनामे मात्र बोलल्यावर वाचून पाहावी लागतात.

आता एक बारीक गोष्ट जवळून पाहू. 'दुसऱ्या' या शब्दातला ऱ्या दोन रीतींनी टंकित होतो. एका रीतीत स्वतंत्र ऱ हे अक्षर वापरले जाते. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. 'ॲ'चेही तसेच: एक अखंड अक्षर, आणि एक अ वर चंद्र देऊन तयार केलेले. एकाने 'ॲड.' एका रीतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या, की शीटमध्ये शोधताना वकील लेखकांची निम्मी पुस्तके सापडतच नाहीत. पुस्तक कपाटात असते आणि आपण वाचकाला "नाही" म्हणून परत पाठवतो. म्हणून कोणता कळफलक वापरायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवा आणि एकच वापरा. शंका आली तर दोघांनी तोच शब्द आपापल्या यंत्रावर लिहून शोधून पाहावा, लगेच कळते.

आकड्यांचेही तसेच करा. दाखल अंक (पुस्तक वाचनालयात आल्यावर त्याला दिलेला क्रमांक), वर्ष, किंमत यांसाठी इंग्रजी आकडे की देवनागरी, हे एकदाच ठरवा. एका रकान्यात दोन्ही मिसळले की क्रमवारी आणि शोध दोन्ही बिघडतात. शीटमध्ये बेरीज करायची असेल तर इंग्रजी आकडे सोयीचे पडतात. छापील यादीत देवनागरी हवे असतील तर ते नंतर बदलता येतात.

पायरी ३: एक छोटी यादी शीटमध्ये करा

पहिल्याच दिवशी सगळी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही) संगणकात उतरवायला बसू नका. या महिन्यात आलेली नवी पुस्तके घ्या आणि तेवढीच भरा. रकाने नोंदवहीप्रमाणेच ठेवा: दाखल अंक, दाखल दिनांक, ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, आवृत्ती, प्रकाशन वर्ष, पृष्ठे, किंमत, वर्गांक (विषयाप्रमाणे दिलेला क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), शेरा. एका रकान्यात एकच माहिती. लेखक आणि अनुवादक एकाच चौकटीत कोंबले की पुढे संगणक-प्रणालीत नेताना हाताने वेगळे करत बसावे लागते.

भरायला बसण्याआधी तीन गोष्टी करून घ्या. शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा, नाहीतर तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर असा घोळ होऊ शकतो. आयएसबीएनचा रकाना 'साधा मजकूर' करा. २००७ पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे आणि एक्सेलमध्ये उघडल्यावर तो आखडून भलताच दिसू लागतो. आणि सर्वांत वरची, शीर्षकांची ओळ गोठवून ठेवा. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन नसतोच, त्यामुळे पुस्तकाची खरी ओळख म्हणजे आपला दाखल अंक. तो दुसऱ्या पुस्तकाला कधीही द्यायचा नाही, पुस्तक बाद झाले तरी. कागदी दाखल नोंदवहीही पूर्वीसारखीच चालू ठेवायची.

लेखकांच्या नावांना खास जपा. 'पु. ल. देशपांडे', 'पु.ल.देशपांडे', 'देशपांडे पु. ल.' असे तिघांनी तीन प्रकारे लिहिले तर यादीत तीन लेखक तयार होतात. 'देशपांडे, पु. ल.' अशी आडनाव आधी लिहायची रीत ठरवा. टोपणनावांसाठी वेगळ्या पानावर लेखकनावांची एक यादी करा आणि त्यात एकमेकांचे दाखले द्या: कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. कादंबरी मागायला आलेला वाचक 'खानोलकर' म्हणतो आणि कविता मागायला आलेला 'आरती प्रभू'. दोघांनाही पुस्तक मिळाले पाहिजे. हीच यादी शीटमधल्या ड्रॉपडाउनला जोडली की नाव टंकित करायची गरज उरत नाही, निवडायचे फक्त.

इथे जुन्या माणसांचे मोल कळते. संगणकावर हात भरभर चालणारा तरुण निर्गम सहायक आणि कोणता लेखक कोणत्या नावाने लिहायचा हे पाठ असलेले ज्येष्ठ ग्रंथपाल शेजारी बसले तर काम सुरेख होते. अशा जोड्या मुद्दाम लावा.

शीटमध्ये कोणाच्या हातून काही पुसले गेले तर घाबरू नका. फाइल मेनूत आवृत्ती-इतिहास असतो, त्यातून कालची स्थिती परत आणता येते. ही सोय शिकवताना प्रत्येकाला एकदा मुद्दाम एक ओळ पुसायला लावा आणि त्याच्याच हाताने परत आणायला लावा. भीती जाते ती याने जाते.

पायरी ४: दिवाळी अंक योजनेवर फॉर्मचा सराव

फॉर्म शिकायला दिवाळी अंक योजनेसारखे काम नाही. पैसे भरायचे, यादी बघायची, अंक न्यायचे, बदलायचे, गर्दी थोड्या दिवसांत एकवटते आणि "माझ्या आधी तो अंक कोणी नेला?" हा प्रश्न रोज येतो.

फॉर्मवर मोजकेच प्रश्न ठेवा: सभासद क्रमांक, नाव, मोबाइल, आणि कोणत्या प्रकारचे अंक आवडतात (कथा-कविता, ज्योतिष, आरोग्य, विनोदी, मुलांचे) याला खुणा करायच्या चौकटी. आधार क्रमांक, जन्मतारीख, पूर्ण पत्ता विचारू नका, लागत नाही. 'फाइल जोडा' हा प्रश्न आणि 'एकाने एकदाच भरावे' ही अट दोन्ही टाळा, कारण त्यासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात शिरावे लागते आणि अनेक ज्येष्ठ वाचक तिथेच थांबतात. 'निकालांचा सारांश सर्वांना दाखवा' ही खूण काढलेली आहे ना, तेही पाहा. नाहीतर एकाची माहिती दुसऱ्याला दिसते.

फॉर्मचे उत्तर आपोआप शीटमध्ये उतरते. त्याच फाइलमध्ये दुसऱ्या पानावर अंकांची यादी करा आणि प्रत्येक अंकापुढे ड्रॉपडाउन लावा: 'जागेवर', 'वाचकाकडे', 'बांधणीला', 'फाटला'. संध्याकाळी सहाच्या गर्दीत काउंटरवरचा माणूस फक्त ही खूण बदलतो. वाचकांना दाखवायच्या प्रतीत सभासदाचे नाव कधीही ठेवू नका, फक्त अंक आणि त्याची स्थिती. कोण काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे आणि ती सांभाळणे हे आपले काम आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही रोख हाच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा. सभासदांची शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' खुली ठेवू नका; नावे घालून मोजक्या माणसांनाच परवानगी द्या.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचा फॉर्म काउंटरवरच्या माणसाने विचारून भरावा. त्यांना रांगेत शेवटी ढकलू नये.

पायरी ५: व्हॉट्सॲप

वाचकांचा गट करण्याची घाई करू नका. गटात प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसतो, आणि सुप्रभातच्या चित्रांत नव्या पुस्तकांची यादी हरवते. सूचनांसाठी चॅनेल बरे. त्यात अनुयायांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. गट हवाच असेल तर फक्त ॲडमिनने लिहावे ही सेटिंग लावा. ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवायची सोय) वापरणार असाल तर ज्याने वाचनालयाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच संदेश पोचतो, हे लक्षात ठेवा. म्हणून वर्गणीच्या पावतीवर तो क्रमांक ठळक छापा आणि "हा साठवून ठेवा" असे तोंडीही सांगा.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत आहे. वेळेनंतर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर देणे, नेहमीची उत्तरे साठवणे या त्यातल्या दोन सोयी पुरेशा आहेत.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. नव्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरत असतात. वाचनालयाच्या क्रमांकावरून त्या एकदाही पुढे जाऊ देऊ नका. मराठी पुस्तकाच्या आवृत्त्या मुळात लहान असतात. लेखकाचे आणि प्रकाशकाचे नुकसान आपल्याच हातून होते.

पायरी ६: गूगल मॅप

हे एका दुपारचे काम. वाचनालयाचे नाव शोधा, नोंद असेल तर तिच्यावर संस्थेचा हक्क सांगा, नसेल तर नवी करा. नाव मराठीत आणि इंग्रजीत द्या, खूण इमारतीवर नीट बसवा, वेळा आणि साप्ताहिक सुट्टी भरा. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांसाठी वेगळी सोय असते, ती वापरा.

पायरी ७: संदर्भसेवेची शिदोरी

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले चौथे सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' हे आहे. संदर्भासाठी आलेल्या विद्यार्थ्याला काउंटरवरूनच उत्तर देता यावे म्हणून पुढची स्थळे ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा.

मराठी विश्वकोश संपूर्ण ऑनलाइन आणि मोफत आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना पारिभाषिक शब्द हवे असतात, त्यांना भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश दाखवा. जिल्ह्याचा इतिहास-भूगोल विचारला तर जिल्हा गॅझेटियर हा शासकीय माहितीग्रंथ. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. आयआयटी खरगपूरने उभे केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अभ्यासकांना उपयोगी पडते.

जुन्या पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत हे मुक्त ऑनलाइन ग्रंथालय आहे. तिथे काय ठेवता येते हे समजायला कायद्याचा साधा हिशेब माहीत असावा. भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांची ही पुस्तके सर्वांना खुली झाली. राम गणेश गडकरी आणि ह. ना. आपटे १९१९ साली गेले, त्यांची पुस्तकेही खुली आहेत. पु. ल. २००० साली गेले. त्यांची पुस्तके २०६० अखेरपर्यंत हक्कात आहेत. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा आणि अनुवादाचा हिशेब वेगळा असतो: अनुवादात अनुवादकाचे वर्षही मोजावे लागते. तुमच्या कपाटात शंभर वर्षांपूर्वीचे जीर्ण मराठी पुस्तक असेल तर त्याचे स्कॅनिंग करण्याआधी हा हिशेब मांडा. आणि स्कॅन करताना शिवण उसवून पाने सुटी करू नका.

पायरी ८: प्रणाली घेण्याआधी विचारायचे प्रश्न

शीटवर हात बसला, काही शे नोंदी स्वच्छ झाल्या, की मग ग्रंथालय-प्रणालीचा, म्हणजे नोंदी आणि देवघेव सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा विचार करा. कोहा ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांसाठी तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत वापरात आली. आज ती जगभर चालते. ती घ्यायला पैसे पडत नाहीत, पण बसवायला आणि सांभाळायला जाणता माणूस लागतो. ई-ग्रंथालय ही भारत सरकारच्या एनआयसीची (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची) प्रणाली. याशिवाय खासगी विक्रेते येतात.

कोणीही आले तरी हे विचारा. नोंदी युनिकोडमध्ये राहतात का? माझ्या शीटमधल्या नोंदी सरळ आत घेता येतात का? सगळ्या नोंदी मार्क २१ मध्ये (ग्रंथनोंदींच्या प्रमाण संगणकीय आराखड्यात) आणि एक्सेलमध्ये मला स्वतःला बाहेर काढता येतात का? पुढच्या वर्षी शुल्क भरले नाही तर माझ्या नोंदींचे काय होते? तिसऱ्या प्रश्नाला "आम्ही काढून देऊ" असे उत्तर आले तर "आत्ता, माझ्यासमोर काढून दाखवा" म्हणा. आणि प्रणाली दाखवायला बसले की त्यांच्या तयार उदाहरणावर समाधान मानू नका. आपलीच वीस पुस्तके घाला, त्यात ॲ आणि ऱ्य असलेली नावे मुद्दाम घ्या, आणि शोधून पाहा.

शिकायचा क्रम आणि वेळ

एका आठवड्याला एकच काम. दुपारी वाचक कमी असतात तेव्हा अर्धा तास ठरवून ठेवा आणि तो कामाचाच वेळ धरा. घरी जाऊन शिका म्हटले की शिकणे राहते. शिपाई काकांनाही बसवा. रोज दार उघडणारा आणि वाचकाशी आधी बोलणारा माणूस तोच असतो, त्याला अंकाची स्थिती बघता आली तर निम्मे प्रश्न दारातच सुटतात. प्रत्येक काम जमले की त्या माणसाने ते दुसऱ्याला शिकवावे आणि काय काय दाबले ते साध्या मराठीत एका वहीत लिहावे. बटणांची जागा बदलली की वहीत दुरुस्ती करायची.

प्रत आणि कार्यभार

दर महिन्याच्या शेवटी सगळ्या शीट एक्सेलमध्ये उतरवून घ्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर कपाटात, दुसरी कार्यवाहांच्या संगणकावर. फाइलच्या नावात वर्ष आणि महिना लिहा. ग्रंथ पडताळणीच्या वेळी ही प्रत छापून घेतली तर कपाटापुढे उभे राहून खुणा करता येतात.

ग्रंथपाल निवृत्त होताना किंवा सोडून जाताना चाव्या आणि नोंदवह्यांबरोबर खात्यांची यादीही सोपवायची असते: गूगल, व्हॉट्सॲप, मॅप, प्रणाली, आणि प्रत्येकाचा पुनर्प्राप्ती क्रमांक. कोणती फाइल चुकून खासगी खात्यावर तयार झाली असेल तर तिची मालकी संस्थेच्या खात्याकडे वळवून घ्या. नव्या माणसाने सगळे पासवर्ड बदलावेत, नवे पाकीट कार्यवाहांकडे द्यावे, आणि मगच कार्यभाराच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात.